डॉ. झाकिर हुसेन : शाखा बदललेला एक विद्यार्थी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या समाजातील घराघरांतून दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला असा की, मुलाला सायन्सला प्रवेश मिळाला, फी भरली, पुस्तके आली आणि तीन-चार महिन्यांनी मुलगा म्हणतो, मला हे जमत नाही, मला आर्ट्सला जायचे आहे. अशा वेळी वडील चिडतात, आई काळजीत पडते आणि मामा-चुलत्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांना मुलगा वाया गेला असे वाटू लागते. दुसरा प्रश्न कॉलेजचा. एक कॉलेज जुने, नावाजलेले, तर दुसरे नवे, ज्याच्या पदवीला उद्या कोणी विचारील की नाही याची खात्री नाही, असे. मुलाचा ओढा दुसरीकडे असला तर घरात जेवणावळी थांबतात.

आमच्या बऱ्याच शाळांच्या कार्यालयांत मरहूम डॉ. झाकिर हुसेन यांची तसबीर लावलेली असते. शेरवानी, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर शांत हसू. भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून विद्यार्थी त्यांना ओळखतात. सामान्यज्ञानाच्या पेपरात तेवढे उत्तर पुरते. परंतु हे गृहस्थ डॉक्टर होण्यासाठी सायन्सला गेले होते, ते सोडून आर्ट्सला आले, आणि पुढे ज्या कॉलेजात त्यांचा जम बसला होता ते कॉलेजही सोडून इमारत नसलेल्या एका संस्थेत गेले, हे फार थोड्या पालकांना ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या चरित्राचा हाच भाग येथे थोडा विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे. राष्ट्रपतिपदाची हकीकत कोणत्याही पुस्तकात मिळेल.

झाकिर हुसेन यांचे घराणे उत्तर प्रदेशातील फरुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंज या गावचे, आफ्रिदी पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हे नशीब काढण्यासाठी हैदराबाद दख्खनला गेले आणि वकिलीत नावारूपाला आले. तेथेच ८ फेब्रुवारी १८९७ रोजी झाकिर यांचा जन्म झाला. सात भावांत ते तिसरे. १९०७ साली वडील वारले, तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. कुटुंब कायमगंजला परतले. मुलांना इटावा येथील इस्लामिया हायस्कूलच्या वसतिगृहात घातले गेले. तेथील मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन हे शिस्तीचे आणि जिव्हाळ्याचे शिक्षक होते. पुढे झाकिरसाहेब स्वतः शिक्षक झाले त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. १९११ साली गावात प्लेगची साथ आली आणि त्यात आई नाझनीन बेगमही गेल्या. चौदाव्या वर्षी आई-बाप दोन्ही नाहीत, अशी स्थिती झाली. घर अगदी निर्धन नव्हते, एवढीच काय ती सोय.

शाळेतल्या मुलाला पुस्तकांची गोडी लावली ती हसन शाह नावाच्या एका सूफी वृत्तीच्या गृहस्थांनी. त्यांना ग्रंथांचे वेड होते. विकत घेता न येणाऱ्या हस्तलिखितांच्या नकला ते करीत आणि या मुलाकडूनही करवून घेत. सुट्टीत इतर मुले पतंग उडवीत असताना एक मुलगा बोरू घेऊन दुसऱ्याचे पुस्तक उतरवून काढतो आहे, हे चित्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. हा मुलगा पुढे सायन्सच्या प्रयोगशाळेत फार दिवस रमणार नाही, असे आज मागे वळून पाहताना आपल्याला म्हणता येते. त्या वेळी मात्र कोणालाच तसे वाटले नाही.

१९१३ साली झाकिर अलिगढला आले. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली ही संस्था तेव्हा मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज या नावाने ओळखली जाई आणि तिच्या परीक्षा अलाहाबाद विद्यापीठाच्या असत. उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान घराण्यांना आपल्या मुलांसाठी यापेक्षा मोठे ठिकाण माहीत नव्हते. झाकिर यांनी तेथे इंटरला सायन्सचे विषय घेतले, कारण त्यांना डॉक्टर व्हायचे होते. इच्छा अगदी आजच्या मुलांसारखीच, आणि तिच्यामागची कारणेही तीच. डॉक्टरला मान असतो, स्वतंत्र धंदा असतो, लोकांच्या उपयोगी पडता येते. ज्या घरातली आई प्लेगने गेली, त्या घरातल्या मुलाने वैद्यकाचा विचार करावा यात नवल नाही.

इंटर झाल्यावर ते लखनौला गेले आणि ख्रिश्चन कॉलेजात बी. एस्सी.च्या वर्गात त्यांनी प्रवेश घेतला. कॉलेज मिशनऱ्यांचे होते. लखनौ शहरात किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज १९११ पासून सुरू झालेले होते, तेव्हा डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला ते शहर म्हणजे दारात आलेली संधीच. योजना पक्की होती. बी. एस्सी. करायचे आणि मग वैद्यक शिकायचे.

परंतु थोड्याच काळात ते आजारी पडले. आजार बरा होण्यासारखा होता, पण लांबला. अभ्यास बुडाला आणि वर्ष वाया गेले. ज्या पालकांच्या घरात असे एक वर्ष वाया गेले आहे त्यांना त्याचे दुःख सांगायला नको. बरोबरीची मुले पुढच्या वर्गात जातात आणि आपला मुलगा खाटेवर पडून छताकडे पाहत असतो.

आता विचार करण्यासारखी गोष्ट ही की, आजारामुळे वर्ष गेले, शाखा गेली नव्हती. पुढच्या वर्षी पुन्हा लखनौला जाऊन त्याच वर्गात बसता आले असते. कित्येकांनी तसे केले असते. निदान लोक काय म्हणतील या भीतीने तरी केले असते. झाकिर यांनी तसे केले नाही. ते लखनौला न जाता अलिगढला परतले आणि बी. ए.च्या वर्गात बसले. विषय घेतले इंग्रजी वाङ्मय, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र. पदार्थविज्ञान, रसायन सगळे मागे पडले. म्हणजे शाखाही बदलली आणि कॉलेजही. आजच्या भाषेत सांगायचे तर दोन वर्षांची इंटर सायन्सची मेहनत आणि त्यावर लखनौचे वर्ष, अशी तीन वर्षे त्यांनी पाण्यात घातली, असे कोणीही म्हटले असते.

पण मला स्वतःला या निर्णयाविषयी जे जाणवते ते असे. आजार हे कारण सर्वांना सांगण्यासारखे असते आणि त्याच्या आडून माणूस आपल्या मनातली गोष्ट करून घेतो. आपल्या मुलांजवळ असे सांगण्यासारखे कारण नसते. त्यांना फक्त एवढेच म्हणता येते की माझे मन लागत नाही. आणि मन लागत नाही हे कारण आपण पालक मान्य करीत नाही. मुलगा आजारी पडावा तेव्हाच आपण त्याचे ऐकावे, हा काही बरा न्याय नव्हे. अर्थात मन लागत नाही असे सांगणारा प्रत्येक मुलगा झाकिर हुसेन नसतो, काहींना अभ्यासच नको असतो, हेही खरे. तो फरक ओळखण्याची एक खूण मात्र झाकिरसाहेबांच्या आयुष्यात सापडते. शाखा बदलल्यावर मुलगा नव्या विषयात काय करतो, ते पाहावे.

अलिगढला परतलेला हा विद्यार्थी काही किडा म्हणावा असा अभ्यासू नव्हता. त्यांचा आळस त्यांच्या मित्रांत प्रसिद्ध होता. पण वाचन अफाट आणि बोलणे असे की वसतिगृहातील मुले भोवती जमत. मित्रांनी त्यांना मुर्शिद, म्हणजे गुरू, असे टोपणनाव देऊन टाकले. कॉलेजच्या विद्यार्थी-युनियनचे ते उपाध्यक्ष झाले. या काळातच, १९१५ साली, शाहजहाँ बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता, म्हणजे प्रपंचाची जबाबदारीही होती. १९१८ साली ते बी. ए. झाले. त्यानंतर एम. ए.साठी अर्थशास्त्र घेतले, सोबत कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि कॉलेजातच शिकविण्याचे थोडे कामही मिळाले. गाडी रुळावर आली होती. एखादे वर्ष गेले असते तर एम. ए., एल्‌एल. बी. आणि कॉलेजची कायम नोकरी. सासर-माहेर दोन्हीकडच्यांना समाधान वाटावे असेच सगळे.

अशा वेळी दुसरा प्रसंग आला, आणि तो पहिल्यापेक्षा फार कठीण होता.

१९२० साली देशात खिलाफत आणि असहकाराची चळवळ जोरात होती. १२ ऑक्टोबर १९२० रोजी महात्मा गांधी आणि मौलाना महमद अली व शौकत अली हे बंधू अलिगढला आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत राष्ट्राचे शिक्षण होऊ शकत नाही. तेव्हा कॉलेजने अनुदान सोडावे, नाहीतर विद्यार्थ्यांनी कॉलेज सोडावे. विश्वस्तांनी अनुदान सोडण्यास नकार दिला. विद्यार्थ्यांत दोन तट पडले. कॉलेजच्या अधिकाऱ्यांनी पालकांना कळविले की आपापल्या मुलांना घेऊन जा. गावोगावहून बाप आणि चुलते येऊन मुलांना गाड्यांत बसवून नेऊ लागले.

झाकिर हुसेन यांना नेण्यासाठी कोणी येणार नव्हते. बाप नाही, आई नाही. वय तेवीस, आणि घरी पत्नी. निर्णय आणि त्याचे परिणाम सर्वस्वी त्यांच्या एकट्याच्या माथी होते.

त्यांनी भाषणे ठोकून मुलांना बाहेर काढले नाही. ते आणि त्यांचे काही सहकारी दिल्लीला जाऊन हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी व इतर पुढाऱ्यांना भेटले. कॉलेज सोडण्यास विद्यार्थी तयार होतील, परंतु सोडून जायचे कोठे, हा त्यांचा प्रश्न होता. दुसरी शिक्षणसंस्था उभी राहणार असेल तरच त्या हाकेला अर्थ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. कॉलेज सोडणे सोपे, पण शिक्षण सोडायचे नाही हा त्यांचा आग्रह होता. चळवळीच्या धामधुमीत त्या काळी देशभर हजारो मुलांनी शाळा-कॉलेजे सोडली आणि त्यांतल्या कित्येकांचे शिक्षण कायमचे तुटले. अलिगढच्या या तरुणाने आधी पुढच्या वर्गाची सोय मागितली.

ती सोय झाली ती अशी. २९ ऑक्टोबर १९२० रोजी, शुक्रवारी, अलिगढ कॉलेजच्याच मशिदीत मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामिया या संस्थेची स्थापना झाली. मौलाना इतके आजारी होते की त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचून दाखविले. हकीम अजमल खान कुलपती झाले आणि मौलाना महमद अली पहिले कुलगुरू. संस्थेजवळ इमारत नव्हती, ग्रंथालय नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. काही भाड्याची घरे आणि तंबू, एवढाच सरंजाम. समोर अलिगढ कॉलेजचे दगडी चौक, घड्याळाचा मनोरा आणि मोठे सभागृह दिसत असे आणि इकडे तंबूत वर्ग भरत. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे या संस्थेच्या पदवीला सरकारदरबारी काहीही मोल नव्हते. ती घेऊन सरकारी नोकरी मिळणार नव्हती. ही अडचण पुढे कितीतरी वर्षे टिकली. अभिमत विद्यापीठाचा दर्जा जामियाला १९६२ साली मिळाला आणि संसदेच्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठ होण्यास १९८८ साल उजाडावे लागले.

झाकिर हुसेन यांनी हाती आलेली एम. ए., कायद्याचा अभ्यास आणि कॉलेजातील काम सोडले व तंबूत शिकवायला आले. त्यांच्याबरोबर आलेल्यांपैकी पुष्कळजण उत्साह ओसरल्यावर जुन्या कॉलेजात परत गेले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही; घरच्या अडचणी ज्याच्या त्याला ठाऊक. आणि जे अलिगढलाच राहिले ते काही कमी प्रतीचे होते असेही नव्हे. अलिगढचे ख्वाजा गुलामुस सय्यदैन तेथील ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य झाले, देशातील मोठे शिक्षणतज्ज्ञ म्हणून नावाजले आणि काही काळ मुंबई सरकारचे शिक्षण सल्लागारही होते. झाकिरसाहेबांशी त्यांचा स्नेह अखेरपर्यंत राहिला. दोन चांगल्या संस्थांपैकी एक निवडली म्हणजे दुसरीचे वैरी व्हावे लागते, असे त्या पिढीतील या थोरांनी मानले नाही.

१९२२ साली झाकिर हुसेन जर्मनीस गेले आणि बर्लिन विद्यापीठात दाखल झाले. विषय अर्थशास्त्र. वेर्नर सोंबार्ट यांच्यासारखा जगप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ तेव्हा तेथे शिकवीत असे. जर्मन भाषा शिकून, त्या भाषेत व्याख्याने ऐकून, हिंदुस्थानातील इंग्रजांच्या शेतीविषयक धोरणावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९२६ साली डॉक्टरेट मिळविली. नावामागे डॉक्टर लागले खरे, पण नाडी न पाहता!

बर्लिनमध्ये त्या काळी जामियाशी संबंधित आणखी एक तरुण रसायनशास्त्र शिकत होता. ख्वाजा अब्दुल हमीद हे त्याचे नाव. अलिगढच्या त्याच चळवळीत तो होता आणि जामियाच्या पहिल्या दिवसांत त्याने तेथे शिकविले होते. त्याने सायन्स सोडले नाही. परत येऊन त्याने १९३५ साली मुंबईत औषधांचा कारखाना काढला. तोच आजचा सिप्ला. एकाच चळवळीतले दोन मित्र, एकाच शहरात शिकायला गेलेले. एकाने प्रयोगशाळा सोडली आणि एकाने ती आयुष्यभर धरली. दोघांचेही चुकले नाही.

बर्लिनमधील झाकिर हुसेन यांचे उद्योग पाहिले तर अर्थशास्त्राखेरीज दुसऱ्याच गोष्टी जास्त दिसतात. काविआनी नावाच्या छापखान्यात बसून त्यांनी गालिबच्या दिवाणाची एक सुबक छोटी आवृत्ती छापून घेतली आणि तिचे खिळे काही अंशी स्वतःच्या हातांनी जुळविले. गांधीजींच्या विचारांवर जर्मन भाषेत एका सहकाऱ्यासह पुस्तक काढले. आणि मुख्य म्हणजे जर्मनीतल्या शाळा पाहिल्या. गेओर्ग केर्शेनस्टाइनर या शिक्षणशास्त्रज्ञाने हाताने काम करून शिकण्याच्या शाळांचा जो विचार मांडला होता त्याने ते भारून गेले. प्रवेश अर्थशास्त्राला आणि मन शिक्षणशास्त्रात, अशी ही अवस्था होती. यावेळी मात्र त्यांनी शाखा बदलली नाही. हाती घेतलेला प्रबंध पुरा केला, पदवी घेतली, आणि मग आयुष्य शिक्षणाला दिले. वैद्यक सोडले तेव्हा वय अठरा-एकोणिसाचे होते. बर्लिनमध्ये ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. केव्हा सोडावे आणि केव्हा पुरे करून मग वळावे, हे एकाच माणसाने दोन वेळा दोन प्रकारे ठरविलेले आहे.

इकडे जामियाची हालत वाईट झाली होती. असहकाराची चळवळ १९२२ मध्ये थांबली, १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच रद्द केली आणि देणग्यांचा ओघ आटला. १९२५ साली संस्था अलिगढहून दिल्लीला, करोलबागेत, भाड्याच्या घरांत आणली गेली. ती बंद करावी, असाही विचार पुढे आला. ही बातमी बर्लिनला पोचली तेव्हा झाकिर हुसेन यांनी हकीम अजमल खान यांना कळविले की आपण आणि आपले काही मित्र संस्थेसाठी जन्म द्यायला तयार आहोत, आपण येईपर्यंत ती बंद करू नये. हे मित्र म्हणजे डॉ. आबिद हुसेन आणि ऑक्सफर्डला शिकलेले महंमद मुजीब. मुजीब खात्यापित्या घरचे होते. तेथे पगाराचा भरवसा नाही याची झाकिरसाहेबांनी त्यांना स्पष्ट कल्पना दिली होती, तरी ते आले. १९२६ च्या फेब्रुवारीत तिघे हिंदुस्थानात उतरले. परदेशी डॉक्टरेट असलेल्या माणसाला त्या काळी कोणत्याही विद्यापीठात मानाची जागा मिळाली असती. हे करोलबागेत गेले.

एकोणतिसाव्या वर्षी ते जामियाचे प्रमुख झाले आणि पुढची बावीस वर्षे राहिले. १९२७ च्या डिसेंबरात हकीमसाहेब वारले आणि होता तो आधारही गेला. १९२८ साली अकरा शिक्षकांनी मिळून प्रतिज्ञा केली की वीस वर्षे संस्था सोडायची नाही आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक वेतन घ्यायचे नाही. प्रत्यक्षात दीडशे कधीच हाती पडत नसत. झाकिरसाहेब स्वतः त्याहून पुष्कळ कमी घेत आणि तेही वेळेवर मिळेल असे नसे. या वाक्यावरून डोळे सहज पुढे सरकतात, म्हणून थोडे थांबावे. कॉलेज निवडण्याच्या त्या एका निर्णयाची किंमत कायमगंजच्या त्या घराने, शाहजहाँ बेगमनी आणि लहान मुलींनी वीस वर्षे भरली. चरित्र लिहिणारे त्यागाचे कौतुक करतात, पण वाण्याचे देणे कोणी चुकते केले, याचा हिशेब बहुधा घरातल्या बाईजवळ असतो.

या वर्षांत झाकिरसाहेबांनी विद्यापीठापेक्षा प्राथमिक शाळेकडे अधिक लक्ष दिले. लहान मुलांसाठी गोष्टी लिहिल्या. अब्बू खाँच्या बकरीची त्यांची गोष्ट उर्दू वाचणाऱ्या प्रत्येक घरात माहीत आहे. अर्थशास्त्रही टाकून दिले नाही. त्या विषयावरील ग्रंथांचे उर्दूत भाषांतर केले, प्लेटोच्या रिपब्लिकचेही केले. १ मार्च १९३५ रोजी दिल्लीजवळ ओखला येथे जामियाच्या स्वतःच्या इमारतीची पायाभरणी झाली. त्यासाठी एखाद्या नवाबाला न बोलावता शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून दगड बसविण्यात आला.

आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आला तो वर्ध्यामुळे. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरविली आणि हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा या मुद्द्याबद्दल झाकिरसाहेबांनी उघड शंका व्यक्त केली; अशाने शिक्षक मुलांना राबवून घेतील, अशी त्यांना भीती होती. गांधीजींनी त्यांनाच अभ्यासक्रम समितीचे अध्यक्ष केले. समितीत विनोबा भावे होते, काका कालेलकर होते आणि अलिगढचे सय्यदैनही होते. दोन महिन्यांच्या आत अहवाल तयार झाला. सात वर्षांचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि मध्यभागी एक हस्तव्यवसाय. बर्लिनमध्ये अर्थशास्त्राच्या वर्गाबाहेर जे पाहिले होते ते वर्ध्याच्या कागदावर उतरले.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट. देशाची फाळणी झाली. अलिगढचे कॉलेज १९२० च्या अखेरीसच विद्यापीठ झालेले होते. १९४७ नंतर तेथील कितीतरी प्राध्यापक आणि विद्यार्थी पाकिस्तानात निघून गेले आणि विद्यापीठाकडे सारा देश संशयाने पाहू लागला. ते चालेल की मिटेल, असा प्रश्न होता. अशा वेळी मौलाना आझाद आणि पंडित नेहरू यांच्या नजरेसमोर नाव आले ते झाकिर हुसेन यांचे. १९४८ साली त्यांनी जामिया मुजीबसाहेबांच्या स्वाधीन केली आणि कुलगुरू म्हणून ते अलिगढला गेले. ज्या कॉलेजचा त्याग करून ते अठ्ठावीस वर्षांपूर्वी तंबूत बसले होते, त्याच कॉलेजच्या फाटकातून आता ते विद्यापीठ वाचविण्यासाठी आत आले. जुन्या वादाचा हिशेब त्यांनी काढला नाही. १९५६ पर्यंत तेथे राहून त्यांनी विद्यापीठाची घडी बसविली, शिक्षक जमविले आणि जागोजागी बागा लावल्या. गुलाबांचा नाद त्यांना तेव्हापासून अखेरपर्यंत होता. प्राचीन प्राण्या-वनस्पतींचे दगड झालेले अवशेष आणि निरनिराळे खनिज दगड जमविण्याचाही त्यांना छंद होता. म्हणजे लखनौला सोडलेले सायन्स असे फिरून घरी आले आणि दिवाणखान्यातील कपाटात बसले.

पुढचे सर्वांना माहीत आहे. १९५७ साली बिहारचे राज्यपाल, १९६२ साली उपराष्ट्रपती, १९६३ साली भारतरत्न, १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. ३ मे १९६९ रोजी अधिकारावर असतानाच त्यांचे निधन झाले. दफन कोठे करायचे हा प्रश्नच नव्हता. त्यांना ओखल्याला, जामियाच्या आवारात, मशीद आणि ग्रंथालय यांच्या शेजारी ठेवण्यात आले. त्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. आणि अलिगढ विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही त्यांचेच नाव आहे; दरवर्षी सायन्सची मुले प्रवेशाचे अर्ज भरताना ते नाव लिहितात.